कळकलेले कण

शुक्रवारी सकाळी सातला मंजिरीनं फोनवर नवऱ्याचा आकडा पाहिला आणि हातातला चहाचा कप ओट्यावर आपटला. एकशे चार. बुधवारी एकाहत्तर होता, काल सकाळी अडुसष्ट, आणि आज एकशे चार!

"अहो!"

ही हाक सुहासरावांच्या चांगली ओळखीची होती. हाक लांबली की दुकानातून काहीतरी आणायचं असे, तुटक आली की काहीतरी सापडलेलं असे. आज तुटक होती. ते बाल्कनीतून आत आले.

"काल संध्याकाळी कुठं होतात?"

"फिरायला. तुझं भजनी मंडळ जमलं की मी जातोच की दर गुरुवारी. गंगेवर जाऊन आलो."

"काय खाल्लंत?"

"काही नाही."

"मग अंगात हे जळकं तेल आलं कुठून? हवेतून?"

सुहासराव चांदवडकर सिटी सर्व्हेच्या कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. तीस वर्षं त्यांनी नाशिककरांच्या हद्दी मोजल्या, शेजाऱ्या-शेजाऱ्यांची भांडणं वीतभर जमिनीवरून मिटवली. स्वतःच्या घरात मात्र त्यांना हद्द आखता आली नव्हती. त्यांनी डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या टिकलीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "यंत्र चुकत असेल."

"यंत्र चुकत नाही. माणसं खोटं बोलतात," मंजिरी म्हणाली.

टिकली हे त्या यंत्राचं नाव नव्हे. नाव चांगलं लांबलचक होतं, पण दिसायला ते हुबेहूब टिकलीसारखं, त्यामुळे २०४२ साली सगळा महाराष्ट्र त्याला टिकलीच म्हणत होता. ती सुहासरावांच्या दंडावर आली ती दिवाळीच्या तोंडावर. त्यांना चक्कर आली, तपासण्या झाल्या, आणि मानेतल्या धमनीत एक गाठ सापडली. डॉक्टर ओवी गायधनी वयानं त्यांच्या मुलीएवढ्या, पण समजावून सांगायच्या ते पाटीवर लिहिल्यासारखं स्वच्छ.

"चरबी रक्तात विरघळत नाही," त्या म्हणाल्या होत्या. "म्हणून शरीर तिची बारीक बारीक गाठोडी करून पाठवतं. कोलेस्टेरॉलचे कण म्हणतो ते हे. हे कण धमनीच्या भिंतीत शिरतात. तिथं अडकून पडले की त्यांच्यावर ऑक्सिजनची प्रक्रिया होते आणि ते बिघडतात. आता गंमत बघा. साधा कण पेशी बेतानं घेतात, पोट भरलं की दार लावतात. पण बिघडलेला कण शरीराला परका वाटतो. तो साफ करायला ज्या पेशी धावतात, त्यांचं दार वेगळं. ते बंदच होत नाही. त्या खात सुटतात, फुगतात, आतून फेसाळतात आणि तिथंच मरतात. त्यांचा ढीग साचतो, त्यात चुना बसतो, भिंत कडक होते. काकांच्या मानेत असा ढीग आहे, आणि त्याच्यावरची साल फार पातळ आहे."

"पण त्यांचं कोलेस्टेरॉल तर गोळीनं उतरलंय," मंजिरी म्हणाली होती.

"उतरलंय. पण जे उरलंय, तेच बिघडतंय. किती कण आहेत ते रक्ताच्या तपासणीत कळतं. बिघडलेले किती आहेत ते ही टिकली सहा-सहा तासांनी सांगेल."

"म्हणजे कळकलेले."

डॉक्टरांनी मान वर केली. "काय म्हणालात?"

"पितळेच्या भांड्याची कल्हई गेली आणि त्यात ताक ठेवलं, की ते हिरवट होतं, तोंडात धरवत नाही. त्याला कळकणं म्हणतात. मी तांबटाची मुलगी आहे."

डॉक्टर खूश झाल्या. "अगदी तेच! आणि कणाला स्वतःची कल्हई असते बरं का. ई जीवनसत्त्व. ते आहे तोवर कण टिकतो, संपलं की कळकतो. मी आता सगळ्या पेशंटना हाच शब्द सांगणार."

मग त्यांनी हिशेब मांडला. आकडा साठच्या आत राहिला तर गाठीवरची साल हळूहळू जाड होईल. सतत नव्वदच्या वर जात राहिला तर ती कधीही फुटेल. फुटली तर अर्धं अंग जाईल किंवा माणूसच जाईल. मार्चमध्ये पुन्हा स्कॅन. घरातलं तेल कुठलं, असंही त्यांनी विचारलं. घाण्याचं, शेंगदाण्याचं, डोळ्यांसमोर काढून आणलेलं, असं मंजिरीनं ठसक्यात सांगितलं. त्यावर डॉक्टरांना आणखी काही विचारायचं सुचलं नाही.

टिकली चिकटवल्यावर सुहासरावांच्या फोननं विचारलं होतं, 'हा आकडा आणखी कुणी पाहावा?' ते चष्मा शोधत होते. तेवढ्यात मंजिरीनं फोन त्यांच्या हातातून घेतला, स्वतःचा नंबर घातला आणि परत दिला. त्यांना विचारावं असं तिला वाटलं नाही, आणि त्यांनीही काही म्हटलं नाही.

त्या दिवसापासून मंजिरीच्या घराचं पोलीस ठाणं झालं. नवऱ्याच्या पानातून तळण गेलं. पापडसुद्धा भाजलेला. नातेवाइकांना फोन करून बजावलं, यांच्यापुढे काही ठेवू नका. तरीही आकडा चढत होता, आणि चढायचा तोही ठरून, शुक्रवार-शनिवारी. टिकली आकड्याबरोबर कणांच्या बिघाडाची जातही सांगायची. सिगारेटचा बिघाड वेगळा, तापाचा वेगळा. सुहासरावांचा बिघाड पुन्हा पुन्हा तापलेल्या तेलाचा होता.

आता गुरुवारी संध्याकाळी नवरा बाहेर जातो आणि शुक्रवारी त्याच्या रक्तात जुनं तेल सापडतं, याचा अर्थ कुठल्याही बायकोनं काय लावला असता? नाशिकसारख्या गावात, जिथं पावलापावलावर मिसळ आहे?

डिसेंबरात दोघं दहा दिवस बंगळुरूला मुलीकडे, सानिकाकडे जाऊन आली. तिथं आकडा बावन्नवर आला. सानिका म्हणाली, "बघ आई, बाबांना इथली हवा मानवली."

"हवा कसली? इथं मिसळ कुठं मिळतेय त्यांना," मंजिरी म्हणाली. तिच्या दृष्टीनं खटला तिथंच निकालात निघाला होता. परतल्यावर आठ दिवसांत आकडा पुन्हा शहाण्णव झाला, तेव्हा तिला राग तर आलाच, पण आपण बरोबर होतो याचं थोडं समाधानही वाटलं. अशा समाधानाची माणसाला लाज वाटायला हवी, पण ते कळायला तिला अजून महिना लागणार होता.

तर त्या शुक्रवारी, एकशे चारच्या दिवशी, सुहासराव यंत्राला दोष देऊन बाल्कनीत परत निघाले तशी ती आडवी आली.

"मला एक सांगा. तुम्हाला मरायचंय का?"

"मंजू, सकाळी सकाळी काय हे!"

"मरायचं असेल तर तसं सांगा. म्हणजे मी बिनमिठाचं शिजवायचं थांबवते. पण माझ्या हातचं सात्त्विक जेवायचं, वर ढेकर द्यायचा आणि बाहेर जाऊन तर्री ओरपायची, हे मला चालणार नाही. तुम्ही गेलात तर मी एकटी काय करणार, याचा एकदा तरी विचार केलात?" बोलता बोलता तिचा आवाज फाटला.

सुहासरावांनी तिच्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं. मग खाली बघून म्हणाले, "खातो. दर गुरुवारी. आता नाही खाणार."

"कुठं?"

"निवृत्तीच्या हॉटेलात. पुलाजवळ."

मंजिरी रडली, ओरडली, पण तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. चोर सापडला होता. दुपारी तिनं सानिकाला फोन करून सगळं सांगितलं आणि नवऱ्याला आवडते म्हणून दोडक्याची भाजी केली.

पुढच्या गुरुवारी सुहासराव बाहेर गेलेच नाहीत. पुढच्या खोलीत भजनी मंडळाच्या दहा बायका टाळ कुटत होत्या, मंजिरीनं त्यांच्यासाठी नेहमीसारखे मेथीचे वडे तळले होते, आणि मागच्या खोलीत हे दार लावून बसले होते. वडा त्यांनी मागितला नाही, तिनं दिला नाही.

शुक्रवारी आकडा आला एकशे नऊ.

माणूस घराबाहेर पडला नव्हता. मग खाल्लं कधी? घरात काही लपवलंय? सुहासराव आंघोळीला गेल्यावर तिनं त्यांचं कपाट उपसलं. मोजणीचे जुने नकाशे, सानिकाचं पहिलीचं प्रगतिपुस्तक, गोळ्यांची रिकामी पाकिटं. बुटांत हात घातला, स्कूटरची डिकी उघडली. चिवड्याचा दाणासुद्धा निघाला नाही. संशयाचं एक वाईट असतं, हाती काही लागलं नाही तरी तो विरत नाही. हा माणूस आपल्याला वाटला त्याहून पक्का आहे, एवढंच तिला वाटलं. ती तशीच पायांत चपला सरकवून पुलाकडे निघाली.

निवृत्तीभाऊ शिरसाठ गल्ल्यावर बसून मटकी निवडत होते. मंजिरीनं फोनवरचा नवऱ्याचा फोटो त्यांच्या नाकासमोर धरला.

"यांना ओळखता?"

"हां, आपले मोजणीवाले काका! बसा ना ताई."

"मी बसायला नाही आले. मानेतल्या धमनीत गाठ आहे या माणसाच्या. तुम्ही त्यांना दर गुरुवारी मिसळ खायला घालता. काही वाटतं का?"

निवृत्तीभाऊंचे हात थांबले. "मिसळ? काका मिसळ कुठं खातात ताई? पावाचा तुकडा नाही तोडत. कोरा चहा, बिनसाखरेचा. तासभर तो एक कप पुरवतात."

"त्यांनी शिकवून ठेवलंय ना तुम्हाला हे?"

"मला कोन शिकवतंय?" निवृत्तीभाऊ जरा दुखावले. "मीच एकदा म्हटलं, काका, घ्या अर्धी, मी खिलवतो. तर म्हणे, नको रे बाबा, बायको जिवाचं रान करतीये माझ्यासाठी."

मंजिरीनं फोन खाली घेतला. "मग इथं येतात कशाला?"

"बसायला. म्हणे, इथं बरं वाटतं, कुनी काही विचारत नाही." बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. ते घाईनं उठले. "आन् ताई, खाल्ली असती तरी माझ्या तेलानं काही झालं नसतं. हे बघा." कढईच्या बाजूला भिंतीवर एक छोटा पडदा होता, त्यावर हिरवे आकडे चमकत होते. "सरकारी मीटर आहे. तेल दुसऱ्यांदा तापलं की मीटर पिवळं होतं, तिसऱ्यांदा लाल होतं आन् ग्यास बंद पडतो. ओतूनच द्यावं लागतं. हॉटेलांना सक्ती आहे. घरांना कोन विचारतंय?"

हे शेवटचं वाक्य निवृत्तीभाऊ सहज बोलले आणि पुन्हा मटकी निवडू लागले. मंजिरी मात्र जागची हलली नाही.

घरी येताना तिच्या डोळ्यांसमोर नवरा नव्हता, स्वतःचा ओटा होता. शेगडीच्या उजव्या हाताला पितळेची कासंडी. बारीक गळ्याची, फुगीर पोटाची, तिच्या वडिलांनी हातानं ठोकून लग्नात दिलेली. तिच्या माहेरी तळणीचं तेल कधी कोणी ओतून देत नसे. गाळायचं, कासंडीत भरायचं आणि रोजच्या फोडणीला वापरायचं. मंजिरीनं तेच केलं होतं, तेहेतीस वर्षं. गुरुवारी मंडळाचे वडे तळले जात, मंडळ उठलं की तेल गाळून कासंडीत जाई, त्याच रात्रीपासून भाजीला त्याच तेलाची फोडणी पडे आणि शनिवारपर्यंत ते बहुतेक संपे. नवऱ्याच्या पानात तळण येत नव्हतं, तळणीचं तेल दोन वेळा येत होतं. दोडक्याच्या भाजीतसुद्धा तेच.

बंगळुरूला सानिका पिशवी फोडून ताजं तेल घालायची.

आणि कासंडीची कल्हई? वडील असेपर्यंत दर सहा महिन्यांनी यायचे. भट्टी पेटवायचे, नवसागराचा धूर व्हायचा, कापसाच्या बोळ्यानं कथील आतून फिरवायचे. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. कल्हईवाला आता गावात उरला नव्हता. पण कासंडी चमकली पाहिजे म्हणून मंजिरी दर आठवड्याला चिंच आणि मीठ घेऊन लांब दांड्याच्या ब्रशनं ती आतूनही घासायची. गळा बारीक, आतलं दिसत नसे. अकरा वर्षं तिनं आपल्या हातानं आतली कल्हई खरवडून काढली होती, आणि ती तांबटाची मुलगी होती!

तरी तिनं लगेच कबूल केलं नाही. जो नियम नवऱ्याला, तोच आपल्याला. पुरावा पाहिजे. तिनं तेल एका बाटलीत काढलं, कासंडी गरम पाण्यानं धुतली आणि वडील करायचे तसं केलं. पेलाभर ताक आत ओतलं आणि झाकण लावलं. दुपारभर ती ओट्याशी स्टूल टाकून बसून राहिली. सुहासरावांनी दोनदा येऊन विचारलं, "बरं वाटत नाही का?"

पाच वाजता तिनं ताक काचेच्या वाटीत ओतलं. ते हिरवट झालं होतं. बोट बुडवून जिभेला लावलं तर तोंड कडू झालं.

"इकडे या," ती म्हणाली. या वेळी 'अहो' नव्हतं.

सुहासरावांनी वाटी पाहिली, कासंडी पाहिली. ती सांगत गेली तसं ते ऐकत गेले. वडे, गाळणं, फोडणी, चिंच. शेवटी ती म्हणाली, "मी निवृत्तीभाऊंकडे गेले होते."

"अच्छा," ते म्हणाले.

"खोटं का बोललात? न खाल्लेली मिसळ कबूल केलीत?"

"तू रडत होतीस. वाटलं, हो म्हटलं तर थांबशील."

"आणि आकडा चढतोय तर तो कशानं, हा विचार नाही आला तुमच्या मनात? एवढा हद्दी मोजणारा माणूस! घरातलं तेल बघू, कढई बघू, असं एकदाही नाही वाटलं?"

सुहासरावांनी खरोखरच आठवून बघितलं. "नाही गं," ते म्हणाले. "यंत्राचा संशय आला, माझ्या रक्ताचा आला. तुझ्या हातच्या जेवणाचा कसा येईल?"

मंजिरीनं वाटी ओट्यावर ठेवली आणि पदर तोंडाला लावला. तीन महिने तिनं या माणसाचे खिसे, बूट, श्वास तपासले होते. त्याला मात्र तिच्याकडे नजर वळवायचं सुचलंही नव्हतं. तिला इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती.

सोमवारी दोघं तेलाची बाटली घेऊन डॉक्टर गायधनींकडे गेली. डॉक्टरांनी चार थेंब तपासायला लावले आणि निकाल बघून ओठ चावला. "पुन्हा पुन्हा तापलेलं तेल, वर त्यात तांबं उतरलेलं. पितळेत तांबंच असतं मुख्य. काकू, प्रयोगशाळेत आम्हाला कोलेस्टेरॉलचा कण मुद्दाम बिघडवायचा असतो ना, तेव्हा आम्ही चिमूटभर तांब्याचा क्षारच टाकतो. तुमच्या तेलातही तांब्यानं तेच केलं. ते वेळेत सापडलं हे चांगलं झालं. आता काकांचा आकडा उतरेल, स्कॅनपर्यंत दोन महिने हातात आहेत." मग त्यांनी मंजिरीकडे नीट बघितलं. "आणि तुम्ही?"

"मी काय?"

"तुम्हीही तेच जेवता ना? तेहेतीस वर्षं?"

मंजिरी नुसतं तेच जेवत नव्हती, गुरुवारी मंडळाबरोबर चार वडेही खात होती. सुहासरावांनी दिवाळीतच म्हटलं होतं, तूही एक टिकली लावून घे. मला काय धाड भरलीय, असं ती म्हणाली होती. पहारा करणाऱ्याला कोण तपासतं?

डॉक्टरांनी तिच्या दंडावर टिकली चिकटवली. पहिला आकडा यायला वीस मिनिटं लागतील, बाहेर बसा, असं म्हणून त्या दुसऱ्या पेशंटकडे वळल्या.

बाकावर दोघं शेजारी शेजारी बसली. मंजिरीचा फोन वाजला. 'हा आकडा आणखी कुणी पाहावा?' तिला चष्मा शोधणारा नवरा आठवला आणि त्याच्या हातातून फोन ओढून घेणारी स्वतः. तिनं मुकाट्यानं त्यांचा नंबर घातला. आता माझी झडती होऊ दे, असं तिला मनापासून वाटत होतं.

सुहासरावांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी चष्मा लावला, सावकाश वाचलं. खाली दोन चौकटी होत्या, 'पाहीन' आणि 'नको'. त्यांनी 'नको'वर बोट ठेवलं आणि फोन परत खिशात टाकला.

"अहो, हे काय केलंत? बघायचा नाही तुम्हाला?"

"कशाला? तू सांगशील की."

"आणि खोटं सांगितलं तर?"

सुहासरावांनी तिची पर्स आपल्या मांडीवर घेतली, तिचे हात मोकळे राहावेत म्हणून.

वीस मिनिटांनी आकडा आला. मंजिरीनं फोन वळवून पाहिला. शेजारचा माणूस समोरच्या भिंतीकडे बघत होता, मुद्दाम. ऐंशी सांगावं, तिच्या मनात आलं. त्यांच्या मानेत ती गाठ, त्यांना आणखी घोर कशाला? ऐंशी म्हटलं तर ते बरं म्हणतील, आणि त्यांच्या मनात दुसरा विचारही येणार नाही. न खाल्लेली मिसळ त्यांनी का कबूल केली, ते तिला आत्ता, इथं, या बाकावर कळलं.

तिनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"एकशे एकेचाळीस," ती म्हणाली.

सुहासरावांनी तिच्याकडे वळून पाहिलं. फोन दाखव, असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी तिचा हात घट्ट धरला, उठले आणि डॉक्टरांच्या दाराकडे तिला घेऊन निघाले.